आरएक्स १००चा कार्बोरेटर: गाडी कुठं अडखळते, ते आधी ओळखा

(आपल्या ऑडिओ भागाचा हा लेखी मजकूर. बोलताना दोनदा आलेलं काढून टाकलंय, बाकी बोली तशीच ठेवलीय.)

इयरफोन लावलाय ना? गाडी चालवत असाल तर आधी बाजूला घ्या, मग ऐका. कारण आजचा विषय गाडीचाच आहे, आणि थोडा लक्ष देऊन ऐकायचा आहे.

नांदेडच्या वजिराबादेत असो की लातूरच्या गंजगोलाईत, गर्दीतून तो ओळखीचा कडक, टणटणीत आवाज आला की मान वळतेच. आरएक्स १००. एस्कॉर्ट्स आणि यामाहा यांनी १९८५ साली भारतात आणलेली, ९८ सीसीची टू-स्ट्रोक गाडी. ताकद साधारण ११ हॉर्सपॉवर आणि वजन जेमतेम शंभर किलोच्या आसपास. म्हणून ती अशी सुटते. १९९६ मध्ये उत्पादन थांबलं. म्हणजे आज रस्त्यावर असलेली सगळ्यात 'नवी' आरएक्ससुद्धा आपल्यातल्या बऱ्याच श्रोत्यांपेक्षा वयानं मोठी आहे.

आता कुणाच्या काकाची, कुणाच्या आजोबाची वाड्यात उभी असलेली गाडी पोरं बाहेर काढतात. रंग मारतात, क्रोम चमकवतात, सीट नवं शिवून घेतात. आणि मग सुरू होतं: "भाऊ, गाडी मिसिंग मारूलाली." "स्लोच पकडंना." "चढाला दम धरंना." प्रत्येकाला उत्तर एकच मिळतं, "कार्बोरेटर खोला." खोलतात, साफ करतात, दोन स्क्रू फिरवतात, आठ दिवसांनी पुन्हा तेच.

आजच्या भागात एकच गोष्ट डोक्यात बसवायची आहे. कार्बोरेटर हा एक पार्ट दिसतो, पण त्याच्या पोटात तीन-चार वेगवेगळी खाती आहेत. रेस किती दिली आहे, त्यावर कोणतं खातं काम करणार ते ठरतं. त्यामुळं 'गाडी बिघडली' एवढं सांगून भागत नाही. 'किती रेसवर बिघडते' ते सांगता आलं, की अर्धं काम झालं.

हे नीट समजणं का गरजेचं आहे

नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूरला जाणारा रस्ता घ्या. सव्वाशे-दीडशे किलोमीटरचा पल्ला. गोदावरीच्या खोऱ्यातून निघून बालाघाटाच्या पठारावर चढायचं. मोकळा रस्ता मिळाला की हात आपोआप पूर्ण पिळला जातो.

पण गाडीचं ट्यूनिंग झालेलं असतं कुठं? गॅरेजसमोर, स्टँडवर, स्लोवर. वर मिस्त्रीला आपणच सांगितलेलं असतं, "ॲव्हरेज काढून द्या." मग पेट्रोल कमी केलं जातं. शहरात गाडी गोड चालते. मोठ्या रस्त्यावर वीस मिनिटं पूर्ण रेसवर गेली, की पेट्रोल कमी पडल्यामुळं इंजिन तापतं, पिस्टन फुगतो आणि सिलिंडरमध्ये धरतो. यालाच आपण सीज होणं म्हणतो. इंजिन जागच्या जागी थांबतं आणि त्याच्यासोबत मागचं चाकही जाम होतं. सत्तरच्या वेगात मागचं चाक जाम झालं तर काय होतं, ते सांगायची गरज नाही.

म्हणून ही गोष्ट आजच पक्की करून ठेवा: टू-स्ट्रोक गाडी पळत असताना अचानक दम सोडायला लागली, आवाज बदलला, कुणीतरी मागून ओढल्यासारखं वाटलं, तर त्याच क्षणी क्लच दाबा आणि रेस सोडा. चाक मोकळं राहील. मग सावकाश कडेला घ्या.

कार्बोरेटर काम कसं करतो: ठिबकचं उदाहरण

तुमच्यापैकी ज्यांच्या घरी शेती आहे त्यांनी ठिबकला खत सोडायचं व्हेंच्युरी पाहिलं असेल. मधे निमुळती होत गेलेली नळी. पाणी त्या अरुंद जागेतून जोरात गेलं की तिथला दाब कमी होतो, आणि बादलीतलं विरघळलेलं खत छोट्या नळीतून आपोआप वर ओढलं जातं. मोटर नाही, काही नाही.

कार्बोरेटर अगदी हेच करतो. पाण्याच्या जागी हवा, खताच्या जागी पेट्रोल. इंजिन हवा ओढतं, ती अरुंद गळ्यातून जोरात जाते, आणि खालच्या वाटीतलं पेट्रोल बारीक छिद्रातून वर येऊन हवेत मिसळतं. त्या बारीक छिद्राच्या पितळी तुकड्याला जेट म्हणतात. फवारणी पंपाचा नोझल जसा, तसाच. कचरा अडकला की धार बिघडते.

खालच्या वाटीत पेट्रोल किती राहावं हे ठरवतो फ्लोट. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत बॉल असतो ना, टाकी भरली की वर येऊन पाणी बंद करणारा? तोच हा. फक्त इथं तो एका टोकदार पिनेला वर दाबतो आणि पेट्रोलची वाट बंद करतो.

आरएक्सवर जपानच्या मिकुनी कंपनीच्या व्हीएम जातीचा कार्बोरेटर येतो. यात गळ्यामध्ये एक गोल स्लाइड वर-खाली होते. तुम्ही रेस पिळता तेव्हा केबल ही स्लाइडच वर ओढते. स्लाइडच्या खाली एक लांब निमुळती सुई लटकलेली असते.

तीन-चार खाती कोणती

आता मुद्द्यावर. रेसच्या मुठीवर आणि तिच्या शेजारच्या न फिरणाऱ्या भागावर इन्सुलेशन टेपचा एकेक छोटा तुकडा लावा. मूठ बंद असताना खूण, पाव रेसला खूण, अर्ध्याला, पाऊणला, पूर्णला. दहा मिनिटांचं काम आहे, पण गाडी नेमकी कुठं अडखळते हे डोळ्यांना दिसायला लागतं.

बंद ते पावच्या अर्ध्यापर्यंत, म्हणजे स्लो आणि नुसती सुरुवात: इथं पायलट जेट आणि बाहेरचा एअर स्क्रू यांचं राज्य. स्लो न धरणं, सिग्नलला बंद पडणं, सकाळी किकेवर किक मारावी लागणं, हे बहुतेक वेळा याच खात्यातलं.

तिथून पाव रेसपर्यंत: स्लाइडच्या खालच्या कडेला जो तिरपा काप असतो तो मिश्रण ठरवतो. सुटताना एक झटका बसून मग गाडी उचलत असेल तर इकडं बघा. स्लाइड झिजून खुळखुळत असेल तरी त्रास इथंच जाणवतो.

पाव ते पाऊण: ही सुईची हद्द. आपण दिवसभर बहुतेक याच टप्प्यात गाडी चालवतो. सुईच्या डोक्याला खाचा असतात आणि एका खाचेत छोटी क्लिप बसते. क्लिप खालच्या खाचेत घातली की सुई वर राहते आणि पेट्रोल वाढतं. क्लिप वरच्या खाचेत घातली की सुई खाली बसते आणि पेट्रोल कमी होतं. सगळ्यात जास्त घोळ इथंच होतो, म्हणून हे वाक्य परत एकदा ऐका.

पाऊण ते पूर्ण: मेन जेट. वर सांगितलेला लोहा-अहमदपूरचा किस्सा या खात्यातला. मेन जेट लहान घातलं, की शहरात काहीच कळत नाही. मोठ्या रस्त्यावर कळतं, आणि तेव्हा उशीर झालेला असतो.

म्हणजे बघा, एखाद्याची गाडी स्लोवर बंद पडते आणि तो मेन जेट बदलून बसला, तर पैसेही गेले आणि चालू असलेलं खातंही बिघडलं.

रिच की लीन?

पेट्रोल जास्त, हवा कमी: याला गॅरेजमध्ये रिच म्हणतात. उलट झालं तर लीन. दोन्हीत गाडी अडखळते, पण अडखळण्याची तऱ्हा वेगळी.

रिच असेल तर धूर जास्त, रेस दिल्यावर भदभद आवाज, प्लग काळा आणि ओला. गाडी थंड असताना बरी चालते आणि गरम झाल्यावर बिघडते.

लीन असेल तर थंडीत सुरू व्हायला त्रास, कार्बोरेटरमधून उलटी शिंक, रेस सोडली तरी आवाज लगेच खाली येत नाही, आणि प्लग पांढराफटक. चांगल्या मिश्रणाचा प्लग दुधाच्या चहासारखा बदामी दिसतो.

साधी परीक्षा आहे. गाडी जिथं अडखळते तिथं चोक थोडा ओढून पाहा. चोकनं पेट्रोल वाढतं. गाडी सुधारली तर ती लीन होती. अजून बिघडली तर रिच. टूलबॉक्स उघडायचीही गरज नाही.

आणि पीयूसीची चिठ्ठी फेकू नका. मार्च २००० पर्यंत बनलेल्या दुचाकींसाठी कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ४.५ टक्के आहे. तुमचा आकडा त्या रेषेला टेकला असेल, तर स्लोचं खातं रिच आहे, हे मशीननंच लिहून दिलंय.

खोलायच्या आधी पाच गोष्टी

कार्बोरेटरच्या नावावर खपणारे कितीतरी बिघाड त्याच्या बाहेरचे असतात. म्हणून हात लावायच्या आधी हे तपासा.

एक, टाकीचं झाकण. त्यात हवा आत यायला बारीक वाट असते. ती बुजली तर काही किलोमीटरनंतर पेट्रोल येणं थांबतं. गाडी बंद पडली की झाकण उघडा. 'फुस्स' आवाज आला आणि गाडी लगेच चालू झाली, तर चोर सापडला.

दोन, टाकीतला गंज आणि पेट्रोल कॉकची जाळी. वर्षानुवर्षं उभी असलेली गाडी असेल तर आधी टाकी साफ करा, नाहीतर साफ केलेला कार्बोरेटर आठवड्यात पुन्हा भरेल.

तीन, प्लग, प्लगची कॅप आणि स्पार्क. पावसात मिसिंग होत असेल तर आधी कॅप बघा.

चार, एअर फिल्टर. काळ्या मातीची धूळ बारीक असते. जिनिंगच्या किंवा सोयाबीनच्या हंगामात रस्त्यावर काय उडतं ते आपण पाहतोच. फिल्टर भरला की गाडी रिच होते. पण फिल्टर काढून टाकणं हा इलाज नाही. मग गाडी लीन होते, आणि ती धूळ थेट सिलिंडर घासते.

पाच, आणि सगळ्यात महत्त्वाचं: हवेची गळती. कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधलं रबर तीस वर्षांत तडकतं. त्या फटीतून आत जाणारी हवा कुठल्याच जेटच्या हिशेबात नसते. गाडी स्लोवर ठेवून त्या जोडावर बाटलीच्या स्प्रेनं थोडं पाणी मारा. आवाज बदलला तर गळती आहे. पेट्रोल मारून बघायची पद्धत काही ठिकाणी आहे. गरम इंजिनावर ती अजिबात करू नका.

याच्या पुढची पायरी म्हणजे क्रँकचे ऑइल सील. मॅग्नेटोच्या बाजूचं सील गेलं तर बाहेरची हवा आत येते आणि गाडी लीन. क्लचच्या बाजूचं गेलं तर गिअर ऑइल आत ओढलं जातं, दाट पांढरा धूर निघतो आणि ऑइल कमी होत राहतं. कार्बोरेटर दहा वेळा खोलला तरी हा बिघाड जाणार नाही. तसंच रीड व्हॉल्व्हच्या पाकळ्या. त्या तुटल्या किंवा वाकल्या की सुरुवातीचा पिकअप जातो आणि पेट्रोल उलट फिल्टरकडं उडतं.

साफ करायचा तर असा

मोकळ्या हवेत बसा. जवळ बिडी-सिगारेट नको, देवघरातला दिवा नको, गॅस नको. पेट्रोल कॉक बंद करा. मोबाइल काढा आणि प्रत्येक पार्ट काढायच्या आधी फोटो घ्या. एअर स्क्रू काढायच्या आधी तो आत किती फेरे जातो ते मोजून नोट्समध्ये लिहा. सुईची क्लिप कितव्या खाचेत आहे, तेही लिहा.

जेट पितळी असतं, मऊ असतं. बरोबर मापाचाच स्क्रू ड्रायव्हर वापरा. छिद्र साफ करायला सुई किंवा लोखंडी तार घालू नका. छिद्र केसाएवढं जरी मोठं झालं तरी जेटचा नंबर बदलला म्हणून समजा. कार्बोरेटर क्लीनरचा स्प्रे मारा, पंक्चरवाल्याकडची हवा मारा, आणि जेट उजेडाकडं धरून बघा. छिद्रातून स्वच्छ गोल उजेड दिसला पाहिजे. रबराच्या रिंगा आणि फ्लोट आधी बाजूला काढून ठेवा, क्लीनर त्यांना खातो.

फ्लोट कानाजवळ हलवून बघा. आत पेट्रोलचा आवाज आला तर तो फुटलाय. पिनेचं टोक बोटानं चाचपून बघा. गोल कडा उमटली असेल तर पिन बदला. रात्री गाडीखाली पेट्रोलचा डाग पडणं, सकाळी पहिली किक जड जाणं आणि प्लग ओला निघणं, या तिन्ही तक्रारी बहुतेक वेळा याच छोट्या पिनेच्या असतात. पेट्रोल इंजिनच्या पोटात उतरतं ना! म्हणून गाडी लावली की कॉक बंद करायची सवय ठेवा.

बसवताना स्लाइडची दिशा बघा. एका बाजूला खाच असते, ती आतल्या खुंटीवरच बसली पाहिजे. उलटी बसली तर पहिल्याच किकेला इंजिन पूर्ण रेसवर ओरडत सुटतं. म्हणून चालू करायच्या आधी मूठ पिळून सोडा. आत 'टक' असा आवाज येऊन स्लाइड खाली आपटली पाहिजे. हँडल दोन्ही बाजूंना फिरवूनही हेच करून बघा.

अजून एक. आरएक्समध्ये ऑइलची वेगळी टाकी आणि पंप असतो, आणि त्या पंपाची केबलही याच मुठीला जोडलेली असते. कार्बोरेटरची केबल ताणली की पंपाच्या खुणा जुळतात का, ते बघायलाच हवं.

स्लो कसा लावायचा

गाडी पाच-दहा मिनिटं चालवून गरम करा. एअर स्क्रू अगदी हलक्या हातानं पूर्ण आत घ्या, मग दीड फेरा बाहेर काढा. स्लोचा स्क्रू वापरून आवाज थोडा वर ठेवा. आता एअर स्क्रू पाव-पाव फेऱ्यानं आत-बाहेर करत जा आणि जिथं आवाज सगळ्यात वर आणि स्थिर लागतो तिथं थांबा. शेवटी स्लोच्या स्क्रूनं आवाज खाली आणा.

साधारण एक ते दोन फेऱ्यांच्या दरम्यान हा मुद्दा सापडला तर पायलट जेट बरोबर आहे. स्क्रू पूर्ण आत गेल्यावरच गाडी बरी चालत असेल, तर जेट लहान पडतंय किंवा बुजलंय, नाहीतर कुठंतरी हवा गळतेय. तीन फेरे बाहेर काढावा लागत असेल तर जेट मोठं आहे.

एक सावधगिरी. आरएक्सचा हा स्क्रू हवेचा आहे: आत फिरवला की रिच, बाहेर काढला की लीन. काही दुसऱ्या गाड्यांत स्क्रू इंजिनाच्या बाजूला असतो, तो पेट्रोलचा असतो आणि त्याचं गणित बरोब्बर उलट. मित्राच्या गाडीवर शिकलेली फेरी आपल्या गाडीवर डोळे झाकून वापरू नका.

ऊन, थंडी आणि इथेनॉल

आपल्याकडं मे महिन्यात पारा ४२ च्या पुढं जातो आणि डिसेंबरच्या पहाटे दहाच्या आसपास येतो. या दोन टोकांमध्ये हवा साधारण १० टक्के विरळ किंवा दाट होते. नव्या इंजेक्शनच्या गाड्यांना हे सेन्सर सांगतो. कार्बोरेटरला कोण सांगणार? त्यामुळं उन्हाळ्यात लावलेली गाडी थंडीत लीन होते. दिवाळीनंतर एकदा प्लगचा रंग बघाच.

आता इथेनॉल. आपला लातूर-नांदेडचा पट्टा उसाचा, साखर कारखान्यांचा. उसापासून बनणारं इथेनॉल २०२३ पासून पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत मिसळायला सुरुवात झाली आणि २०२५ पर्यंत असं पेट्रोल देशभर सर्रास झालं. उसाला गिऱ्हाईक मिळतं, हे खरं. पण १९९० सालच्या कार्बोरेटरचा विचार वेगळा करावा लागतो.

एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. इथेनॉलला फक्त ९ किलो. २० टक्के मिश्रणाला साडेतेराच्या आसपास. म्हणजे त्याच जेटमधून, त्याच हवेत, गाडी आपोआप थोडी लीन झाली. आधीच कुणी 'ॲव्हरेज' काढून ठेवलं असेल तर हा त्याच्यावरचा भार. मोठ्या रस्त्यावरून आल्यावर प्लग पांढरा दिसत असेल, तर मेन जेट एक नंबर मोठं घालून बघणं शहाणपणाचं.

दुसरं, इथेनॉल ओलावा ओढतं. पावसाळ्यात गाडी दोन महिने उभी राहिली तर पाणी खाली बसतं, वाटीत पांढरट-हिरवट थर धरतो. जुनी रबराची नळी फुगते, मऊ पडते. इलाज महाग नाही: नळी, रिंगा आणि फ्लोटची पिन नवी घाला, आणि गाडी उभी ठेवायची असेल तर वाटीतलं पेट्रोल काढून ठेवा.

ज्यांनी ऑइल पंप काढून टाकलाय आणि टाकीतच ऑइल मिसळतात त्यांनी अजून एक ऐका. तुमचं ऑइलसुद्धा जेटमधूनच येतं. जेट लहान केलं की पेट्रोलसोबत ऑइलही कमी झालं. आणि 'सेफ्टीसाठी' जास्त ऑइल ओतलं, तर जेटमधून जाणाऱ्या धारेत पेट्रोलचा वाटा घटतो, म्हणजे मिश्रण उलट लीन होतं. कंपनीनं सांगितलेलं प्रमाण, मापून. बस्स.

आणि चारचाकी?

घरी जुनी कार्बोरेटरवाली मारुती ८००, जिप्सी, प्रीमियर पद्मिनी किंवा काँटेसा असेल, तर रेसप्रमाणे खातं ओळखायचं तत्त्व तेच. फक्त दोन गोष्टी जास्तीच्या. एक, ॲक्सिलरेटर पंप. पाय एकदम दाबला की क्षणभर दम सुटत असेल, तर इंजिन बंद ठेवून फिल्टर उघडा, कुणाला तरी पॅडल दाबायला सांगा आणि गळ्यात पेट्रोलची पिचकारी उडते का ते लांबून बघा. नाही उडाली, तर पंपाचा पडदा फाटलाय. दोन, व्हॅक्यूमच्या बारीक नळ्या. एकजरी तडकली की स्लो वर-खाली नाचत राहतो.

शेवटचं

एका वेळी एकच गोष्ट बदला, चालवून बघा, लिहून ठेवा, मग दुसरी. तीन गोष्टी एकदम बदलल्या तर कशानं सुधारलं आणि कशानं बिघडलं, ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. स्थानिक बाजारात मिळणारा डुप्लिकेट कार्बोरेटर घेण्याआधी जुना मूळ कार्बोरेटर दुरुस्त होतो का ते बघा, कारण नकली जेटवरच्या नंबरावर विसंबता येत नाही.

आणि चांगल्या जुन्या मिस्त्रीकडं गेलात तर "कार्बोरेटर साफ करा" म्हणू नका. असं सांगा: "काका, गाडी गरम झाल्यावर अर्ध्या रेसला अडखळते, चोक ओढला की सुधारते, प्लग पांढरा आहे, पाणी मारून बघितलं, रबर गळत नाही." बघा, तो हातातलं काम खाली ठेवून तुमच्याकडं वळतो की नाही. एवढ्या एका वाक्यात त्याचा अर्धा दिवस वाचला, आणि तुमचा पिस्टनही.

तुमची गाडी किती रेसवर अडखळते, ते टेप लावून बघा आणि व्हॉइस मेसेज करा. मूठ, चोक आणि प्लग, तिन्हीची माहिती हवी. भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत हेल्मेट घाला, सायलेन्सर कंपनीचाच ठेवा, आणि क्लचवर दोन बोटं असू द्या.